अंतर, वेग आणि काळ : चिकलठाणा ते मुंबई

इयत्ता : सातवी. विषय : गणित व भूगोल यांचा समवाय. साहित्य : महाराष्ट्राचा नकाशा, दोरा, मोजपट्टी.

उद्देश : ‘अंतर भागिले वेग म्हणजे काळ’ हे सूत्र मुलांना मुखोद्गत असते, परंतु त्यातील वेग हा संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग होय, हे त्यांच्या ध्यानी आलेले नसते. तेवढी एकच गोष्ट या पाठात पक्की व्हावी.

प्रस्तावना : राजूरच्या मुलांना जालना-भोकरदन रस्ता परिचयाचा आहे. एस. टी. गाडी थांबे घेत येते. अंगारकी चतुर्थीस यात्रेकरूंच्या गर्दीने तिला अधिक वेळ लागतो. अंतर तेच असता काळ का वाढला, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

विषयविवेचन : छत्रपती संभाजीनगरनजीकचा चिकलठाणा विमानतळ व मुंबई यांच्यामध्ये नकाशावर दोरा ताणून धरावा आणि प्रमाणावरून अंतर काढावे. ते सुमारे २८० कि.मी. भरते. लोहमार्गाने हेच अंतर सुमारे ३७५ कि.मी. आहे, कारण लोहमार्ग प्रथम मनमाडकडे वळतो व पुढे कसारा घाट उतरतो. विमानास असा वळसा नाही.

आता ताशी ७०० कि.मी. वेग धरून काळ काढण्यास सांगावे. उत्तर २४ मिनिटे येईल. वेळापत्रकात मात्र एक तासाहून थोडा अधिक काळ असतो. हे कसे?

वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत ते संथ चालते. वर चढताना व खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. विमानांची गर्दी झाली की उतरण्यासाठी आकाशात थांबावे लागते. एकूण काळ १ तास १० मिनिटे धरल्यास सरासरी वेग ताशी २४० कि.मी. इतकाच येतो.

मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० कि.मी., म्हणजे वरच्या चौपट. काळ मात्र सुमारे सव्वादोन तास, म्हणजे दुपटीपेक्षा किंचित कमी. चढण्या-उतरण्याचा वेळ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. लांबच्या प्रवासात तो अधिक अंतरावर विभागला जातो.

सूचना : २४ मिनिटे हे उत्तर चूक म्हणून खोडू नये. ‘हा वेग वाटेत कोठून कोठपर्यंत टिकला?’ असे विचारावे. पुढे कोणास मुलाखतीसाठी वा रुग्णालयात वेळेवर पोचावयाचे झाल्यास केवळ सूत्रावर विसंबून चालणार नाही. उत्तर व्यवहाराशी ताडून पाहण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

स्वाध्याय : राजूरच्या घरापासून मुंबई शहरापर्यंतच्या प्रवासाचे टप्पे लिहा : एस. टी., विमानतळावरील प्रतीक्षा, विमान, मुंबईतील प्रवास. प्रत्येकाचा काळ वडीलधाऱ्यांस विचारून मांडा. त्यात विमानाचा वाटा किती, ते अपूर्णांकात दाखवा.