हलकी गाडी, पण कुठे हलकी?

विज्ञान स्पर्धेसाठी गाडी करायला बसलेली मुलं सगळ्यात आधी वजनकाटा मागतात. माझ्या मते चूक तिथेच सुरू होते. उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर चालणारी गाडी घ्या. अमेरिकेतल्या सायन्स ऑलिम्पियाडमध्ये शाळकरी मुलांसाठी ही स्पर्धा झालेली आहे. स्प्रिंगला लांब दांडा जोडायचा, दांड्याच्या टोकाचा दोरा मागच्या आसावर गुंडाळायचा आणि चाप सोडायचा. दोरा सुटत जातो, आस फिरतो, गाडी पळते. हाताशी असलेली ऊर्जा जेमतेम. ती एक जूल धरू, म्हणजे 100 ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला लागते तेवढी. गाडी 200 ग्रॅमची आणि तिला होणारा एकूण विरोध वजनाच्या एक टक्का असेल, तर ती 50 मीटर जाईल. वजन निम्मं केलं की 100 मीटर. हा हिशेब कागदावर इतका सरळ दिसतो की मुलं ब्लेड घेऊन सांगाड्याला भोकं पाडायला लागतात. त्यांना कोणी अडवतही नाही.

अडवायला हवं, कारण हिशेबातला तो एक टक्का आपोआप एक टक्का राहत नाही. चाकं सरळ असतील, दोन्ही आस एकमेकांना समांतर असतील आणि आस आपल्या नळीत मोकळा फिरत असेल, तरच तो तेवढा राहतो. सांगाडा लुळा पडला की या तिन्ही गोष्टी एकदम बिघडतात. विरोध एकाचा दोन टक्के झाला की वजन निम्मं करून मिळवलेलं सगळं अंतर गेलं. शिवाय गाडी वाकडी जाते ते वेगळंच. आसाचे दोन आधार एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर आहेत आणि त्यातला एक फक्त पावणेदोन मिलिमीटर पुढे सरकला, तर आस एका अंशाने तिरपा होतो. पुढच्या आणि मागच्या आसात 30 सेंटिमीटर अंतर असेल, तर एवढ्या तिरपेपणाने गाडी 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळते. म्हणजे 10 मीटर जाईपर्यंत ती सरळ रेषेपासून सुमारे पावणेतीन मीटर बाजूला गेलेली असते, भिंतीवर आदळलेली नसली तर. पातळ सनबोर्डचा सांगाडा दोऱ्याच्या ओढीने पावणेदोन मिलिमीटर सहज पिळवटतो. गाडी टेबलावर ठेवून पाहिली तर त्यातलं काहीच दिसत नाही, कारण तेव्हा दोरा सैल असतो.

लांब पल्ल्याच्या गाडीत हा धोका आणखी वाढतो. अंतर हवं असेल तर दांडा लांब हवा. 30 सेंटिमीटरचा दांडा अर्धवर्तुळ फिरताना 60 सेंटिमीटर दोरा ओढतो, आणि तोही हळूहळू. दांडा लांब म्हणजे सांगाडाही लांब. पट्टीची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच ओढीने ती आठपट वाकते. पण हाच घनाचा नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो: पट्टीची उंची दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं आणि ताठपणा आठपट. म्हणून बाल्साची किंवा बांबूची पट्टी आडवी चिकटवू नका, उभ्या कडेवर बसवा. एक ग्रॅमही न वाढवता मिळणारी ही मजबुती आहे, आणि बहुतेक गाड्यांत ती वाया गेलेली दिसते.

यावर कोणी म्हणेल, विक्रम करणारे तर प्रत्येक ग्रॅम काढून टाकतात. खरं आहे. 1977 साली क्रेमर पारितोषिक जिंकणारं पॉल मॅकक्रेडी यांचं गॉसमर काँडॉर हे विमान माणसाच्या पेडल मारण्यावर उडत होतं. पंखांचा पसारा 29 मीटर आणि रिकाम्या विमानाचं वजन अवघं 32 किलोच्या आसपास. पण त्याच्या पातळ अॅल्युमिनियमच्या नळ्या चहूबाजूंनी ताणलेल्या पोलादी तारांनी जागेवर धरल्या होत्या. आकार टिकवायचं काम तारांनी केलं, म्हणून नळ्या पातळ ठेवता आल्या. शाळेतल्या गाडीतही हे जमतं. सांगाड्याच्या मध्यावर एक छोटी खुंटी उभी करा आणि तिच्यावरून दोन्ही टोकांना शिवणाचा पक्का दोरा ताणून बांधा. आधी हा ताण द्या, मग सांगाडा खुशाल कोरा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फार हलकी गाडी सुटताना जागीच चाकं फिरवते, मग थोडं वजन असलेलं बरंच नाही का? चाक म्हणून लावलेल्या सीडीची गुळगुळीत कड फरशीवर घसरते हे खरंच. पण त्यासाठी अख्खी गाडी जड करण्यात अर्थ नाही. सीडीच्या कडेवर फुग्याच्या रबराची पट्टी चढवा आणि सापळा पुढे सरकवून दांडा लांब करा, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी होईल. इतकं करूनही घसरली तरच मागच्या आसावर चार ग्रॅम ठेवा.

चाकांबद्दल मात्र आधी स्पर्धेचे नियम वाचा. पाच मीटर लवकरात लवकर पार करायचे असतील तर चाकाच्या कडेवरचा प्रत्येक ग्रॅम दुप्पट जड पडतो, कारण त्याला पुढेही ढकलावं लागतं आणि गरगर फिरवावंही लागतं. तिथे सीडी मधून कोरणं फायद्याचं. अंतराच्या स्पर्धेत तसं नाही. चाकात साठलेली ती ऊर्जा स्प्रिंग संपल्यावर गाडीला पुढे नेतच राहते, त्यामुळे तिथे चाक कोरण्यापेक्षा ते आसाशी काटकोनात बसवण्यावर वेळ घालवा. साच्यात धरून चिकटवा, नुसत्या नजरेने नको.

शिक्षक आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. महागडं बाल्सा आणून देण्याआधी मुलांना गाडी दोरा न गुंडाळता, फरशीच्या सांध्यावर ठेवून हाताने हलकेच ढकलायला सांगा. नंतर दोरा ताणून पुन्हा सोडायला सांगा. दोन्ही वेळा गाडी सांध्याला धरून गेली, तरच वजनकाटा बाहेर काढा.