पोलिसांमधील मदात्यय : चिकित्सेतील काही विचारणीय मुद्दे

बंदोबस्त, रात्रपाळी, रजेची अनिश्चितता आणि मृत्यू-अपघातांचे नित्य दर्शन ही पोलीस कर्मचाऱ्याच्या व्याधीची हेतुमालिका होय. रात्रीजागरणाने वात वाढतो, अवेळी आहाराने अग्नी विषम होतो आणि झोपेसाठी घेतलेले मद्य हळूहळू सवयीचे होते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध सांगितले आहेत. म्हणूनच अशा रुग्णात कंप, भय व अनिद्रा ही ओजक्षयाची चिन्हे आढळतात.

हा रुग्ण मदात्ययाची तक्रार घेऊन येत नाही. तो अम्लपित्त किंवा निद्रानाश सांगतो. नोकरीवर गदा येईल, ही भीती त्यामागे असते. गोपनीयतेची हमी दिल्यावाचून खरा इतिहास मिळत नाही.

आमच्याच चुकीतून मिळालेला एक धडा येथे नमूद करतो. निद्रानाशासाठी आलेल्या एका हवालदारास आम्ही अश्वगंधारिष्ट दिले. तासाभरात चेहरा लाल होणे, हृद्‌द्रव व वमन सुरू झाल्याने त्यास रुग्णालयात न्यावे लागले. व्यसनमुक्तीसाठी तो डायसल्फिरामच्या गोळ्या घेत होता. आम्ही विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. आसव-अरिष्टांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे ही प्रतिक्रिया संभवते. शिवाय अशा रुग्णास मद्यार्काची अल्प मात्राही पुन्हा व्यसनाकडे नेऊ शकते. सबब त्यास चूर्ण, क्वाथ वा घृतकल्पच द्यावेत. औषधालयचालक बंधूंनीही अरिष्ट देण्यापूर्वी हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

दुसरा मुद्दा मद्य एकाएकी सोडण्याचा. सूत्रस्थानात अहितकर सवय पादांशक्रमाने सोडण्यास सांगितले आहे. तथापि रोज अतिमद्यपान करणाऱ्यास हा क्रम घरी सोपवणे धोक्याचे आहे. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत आक्षेप, तर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, प्रलाप व ज्वर उद्भवू शकतात. पूर्वी असे झाले असल्यास वा तीव्र कंप असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. शिरेतून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन देण्याचा विसर तेथेही पडू नये. घरी वा हाताशी शस्त्र असते काय आणि जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे.

आपले खरे कार्य त्यानंतर सुरू होते. मद्य सोडून पुन्हा एकाएकी अतिपान करणाऱ्यास ध्वंसक व विक्षेपक हे विकार होतात, असे चरक सांगतात. बढतीची मेजवानी, निरोपसमारंभ हे असे प्रसंग होत. दोन्ही विकारांत वातशामक उपक्रम अभिप्रेत आहेत : दूध-तूप, बस्ती, अभ्यंग, स्नान. यांस खर्जूरादि मंथ, शिरोधारा आणि रात्रपाळीनंतर दिवसा निश्चित वेळी झोप यांची जोड द्यावी. यकृताची तपासणी करूनच औषधयोजना करावी.

एकट्या औषधाने मात्र हे साधत नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्राचा समुपदेशनाचा अनुभव, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आणि पत्नीचे सहकार्य यांचा आधार घ्यावा. पुन्हा घसरलेला रुग्ण दारात आला, तर त्यास दोष न देता आसन द्यावे. तो परत आला, हेच साध्यतेचे लक्षण समजावे.