आमच्या खाडीतले कांदळवन
(इयत्ता ४ थी)

आमचे गाव मालवण तालुक्यात खाडीच्या काठी आहे. आमच्या घरामागे भाताचे कुणगे, मग मातीचा बांध आणि बांधापलीकडे कांदळवन आहे. पुस्तकात त्याला खारफुटी म्हणतात. आम्ही नुसते कांदळ म्हणतो.

पण कांदळवनात एकाच जातीचे झाड नसते. गुरुजींनी आम्हाला सुकतीच्या वेळी नेऊन तीन झाडे दाखवली. कांदळाची मुळे खोडातून फुटून मांडवाच्या खांबांसारखी चिखलात उतरतात. त्याचे बी झाडावरच रुजते. फूटपट्टीएवढी लांब हिरवी शेंग लोंबत असते. ती खाली पडली की चिखलात रुतून उभी राहते, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजते. दुसरे झाड तिवर. त्याचे पान चाटून बघा, खारट लागते. झाड जास्तीचे मीठ पानातून बाहेर टाकते. आम्ही सगळ्यांनी चाटले, मग गुरुजींनीपण चाटले. तिसरी पांढरी चिपी. तिची फुले रात्री उमलतात आणि सकाळी गळून पडतात. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवन वृक्ष ठरवले.

चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची आणि चिपीची मुळे खिळ्यांसारखी वर येतात. ती झाडाची नाके आहेत. मी दुसरीत असताना ती मोडून विटी करायचो. तेव्हा मला माहीत नव्हते.

या मुळांत कुर्ल्या, कोळंबीची पिल्ले आणि माशांची पिल्ले लपून मोठी होतात. मुळांना कालवे चिकटतात. निवटी हा मासा असून चिखलावर उड्या मारतो, त्याचे डोळे डोक्यावर असतात. तो पकडायला गेलो की मीच चिखलात पडतो. खंड्या आणि बगळे रोज दिसतात. एकदा सकाळी बांधावर पावलांचे ठसे होते आणि बाजूला माशांची खवले पडलेली होती. आजी म्हणाली, पाणमांजर येऊन गेले.

आता बांधाची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या लोकांनी होड्या लावायला दहा-बारा पावले जागेतले कांदळ तोडले. मीपण फांद्या ओढल्या. पुढच्या पावसात अमावास्येच्या उधाणाला बांध नेमका तिथेच फुटला. आमच्या दोन कुणग्यांत खारे पाणी आले आणि त्या वर्षी भात करपले. जिथे कांदळ होते तिथला बांध तसाच राहिला. मुळे माती धरून ठेवतात आणि लाटेचा जोर मोडतात, हे मी डोळ्यांनी बघितले.

गुरुजींनी सांगितले की कांदळ तोडायला कायद्याने बंदी आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की सगळ्या लोकांच्या हिताचे अगदी जरुरीचे काम असेल तरच परवानगी मिळेल. कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामसुद्धा करायचे नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत मी आणि आजीने २० शेंगा लावल्या होत्या. त्यातल्या ७ जगल्या. बाकीच्या काही गुरांनी खाल्ल्या, काही पाण्याने गेल्या. एकाला आता सहा पाने आहेत.

पण बाबा म्हणतात की होडीसाठी वाट पाहिजे, अजून थोडे तोडूया. बाबांचेपण खरे आहे. सुकतीला गुडघाभर चिखलातून होडी ओढून त्यांचे पाय कापतात, कालवांच्या शिंपल्या लागतात. आजी म्हणते, "कांदळ गेलो तर बांध कसो रवतलो?" मग घरात कोणी बोलत नाही.

देवळाकडे दगडी धक्का आहे. तो लांब पडतो, म्हणून बाबा तिथे होडी लावत नाहीत. तिथे लावली तर जाळे आणि टोपली घरी आणायला मी रोज जाईन, शाळेच्या आधीसुद्धा. शनिवारी पालकसभा आहे आणि बाबा येणार आहेत. म्हणून मी गुरुजींना सांगून हा कागद दाराजवळ लावून घेतला आहे.