पाखऱ्याचं नाक, भाकरीवरची बुरशी आणि माझा फसलेला पाठ



परिसर अभ्यासात बुरशीचा विषय निघाला की आपण काय करतो? ब्रेडचा तुकडा ओला करून ठेवतो, चार दिवसांनी मुलांना दाखवतो, "बघा, हवेत सगळीकडे बुरशीचे बीजाणू असतात" असं सांगतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. मीही बरीच वर्षं हेच करत आले. यंदा जुलैमध्ये हेच वाक्य मी वर्गात बोलले आणि तिसरीतल्या एका मुलाने त्या दिवसापासून घरी गोठ्याकडे जाणंच बंद केलं. तो मुलगा माझाच. शाळेत मला मॅडम म्हणतो, घरी मम्मी.

त्याचं कारण कळायला आमच्या पाखऱ्याची गोष्ट आधी सांगावी लागेल.

पाखऱ्या म्हणजे आमचा कारवानी कुत्रा. आमच्या भागात ही जात घरोघरी माहीत आहे. लांब तोंड, बारीक कंबर, पळायला लागला की दिसेनासा होतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या उजव्या नाकपुडीतून शेंबूड यायला लागला. फक्त उजव्या. आधी पाण्यासारखा, मग पिवळा घट्ट, मग अधूनमधून रक्त. एका एका वेळी दहा-बारा शिंका यायच्या. गोळ्या-इंजेक्शन झाली, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. नंतर त्या नाकपुडीच्या कडेची काळी कातडी पांढरट पडली आणि तिथे जखम झाली. तोंडाला हात लावला की अंग चोरायचा. डिसेंबरात तो भाकरी समोर ठेवली तरी नुसता बघत बसायचा.

शेवटी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेला. तिथे डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि नाकात दुर्बीण घालून पाहिलं. आत बुरशीचे पांढरे-करडे थर बसले होते. नाकाच्या आत हाडाच्या पातळ गुंडाळ्या असतात, कागदाच्या सुरळीसारख्या. हवा गाळायची, कोमट आणि ओली करायची हे त्यांचं काम. त्यांपैकी बऱ्याच गुंडाळ्या बुरशीने खाऊन टाकल्या होत्या. रोगाचं नाव ॲस्परजिलोसिस. लांब तोंडाच्या कुत्र्यांमध्ये हा जास्त दिसतो, आणि चांगल्या धडधाकट कुत्र्यालाही होतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा सीटी का करायला लावला तेही समजावलं. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा एक पातळ जाळीदार पडदा असतो. बुरशीने तो पोखरला असेल तर नाकात औषध भरणं धोक्याचं. पाखऱ्याचा पडदा शाबूत होता. हे ऐकलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून रडले. आप्पा, म्हणजे माझे सासरे, बाहेर उभे राहून तंबाखू मळत होते, पण तोंडात काही टाकली नाही.

उपचार असा होता: भूल देऊन आतली घाण काढायची आणि क्लोट्रिमॅझोल नावाचं बुरशीवरचं औषध नाकात तासभर भरून ठेवायचं, मधून मधून कूस बदलायची, म्हणजे औषध सगळीकडे पोचतं. महिन्याने पुन्हा दुर्बीण घातली तर थोडी बुरशी शिल्लक होती, म्हणून हेच परत एकदा केलं. एकापेक्षा जास्त वेळा करावं लागणं यात नवल काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मार्चमध्ये तपासणीत नाक स्वच्छ निघालं.

आजार इथे संपला, पण भीती इथूनच पुढे सुरू झाली.

"ही बुरशी आली कुठून?" असं आम्ही विचारलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरी चारा-कडबा कुठे ठेवता? आमची ज्वारीच्या कडब्याची गंज गोठ्यामागे. आदल्या परतीच्या पावसात ताडपत्री फाटली होती, खालच्या पेंढ्या काळ्या पडून कुजल्या होत्या, आणि पाखऱ्या घुशीच्या वासाने त्यातच नाक खुपसून उकरायचा. तिथूनच आली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कारण ही बुरशी माती, पालापाचोळा, धूळ, सगळीकडे असते. पण आमच्या घरात फक्त एकच शब्द शिरला: कडबा.

जूनचा पहिला पाऊस त्या गंजीवर पडला आणि घरातलं वातावरणच बदललं. आप्पा म्हणाले, "अख्खी गंज पेटवून देतो." जनावरांनी मग काय खायचं? मी पाखऱ्याला साखळी घातली. कारवानी कुत्र्याला साखळी घालणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल. तो दोन दिवस त्या साखळीच्या गोलात फिरत राहिला आणि तिसऱ्या दिवशी फिरायचाही थांबला. मी पांढरा रुमाल घेऊन तासातासाला त्याचं नाक पुसून बघायचे. खोटं कशाला सांगू, रात्री उठूनही बघितलंय. आणि मुलगा हे सगळं पाहत होता. आपण मुलांना "घाबरू नको" म्हणतो तेव्हा आपल्या हातात रुमाल असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

अशा वेळी मी वर्गात तो ब्रेडचा प्रयोग केला आणि म्हणाले, बीजाणू सगळीकडे असतात. बाकीच्या मुलांनी "ईऽऽ" केलं आणि विसरली. माझ्या मुलाने घरी येऊन हात धुतले, पुन्हा धुतले, जेवताना ताटावर हात धरून बसला. पाखऱ्याजवळ गेला नाही. रात्री विचारलं, "मम्मी, सगळीकडे म्हणजे आपल्या नाकात पण?"

वाक्य चूक नव्हतं. उलट पूर्ण खरं होतं. या बुरशीचे शेकडो बीजाणू आपण सगळे रोज श्वासातून आत घेतो. पण अर्धाच पाठ शिकवून मी घंटा वाजवली होती. बीजाणू असतात हे सांगितलं. असूनही बहुतेकांना काही का होत नाही, हे सांगायचं राहिलं.

मग मी पाठ पुन्हा घेतला, आणि तो कसा घेतला हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

पहिल्यांदा नाव. इटलीतल्या मिकेली नावाच्या एका धर्मगुरूने 1729 मध्ये ही बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिला ॲस्परजिलस हे नाव दिलं. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचं जे साधन असतं, तसा तिचा आकार त्याला दिसला. मी वर्गात घरची गुलाबदाणी नेली. हळदीकुंकवाला बायका शिंपडतात ती. दांडा, वर गोल बोंड, आणि त्यातून उडणारे तुषार. मुलांनी वहीत गुलाबदाणी काढली आणि तुषारांच्या जागी ठिपके काढले. एकेक ठिपका म्हणजे बीजाणू, आणि खरा बीजाणू एवढा बारीक की डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर वीस-पंचवीस शेजारी शेजारी बसतील. ज्याला चेहरा नसतो त्याची भीती जास्त वाटते. चित्र काढल्यावर मुलगा पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, "हे पाखऱ्याच्या नाकात होतं?"

नंतर भाकरी. (ब्रेड घेऊ नका. पाकिटातल्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारं मीठ घातलेलं असतं, कधी कधी आठवडा जातो आणि मुलांचा उत्साह संपतो.) एक तुकडा उन्हात कडकडीत वाळवलेला, एक ताजा, एक पाणी शिंपडून ओला केलेला. तिन्ही एकाच खिडकीत अर्धा तास उघडे ठेवले, म्हणजे हवा तिघांना तीच. मग तीन झिप पिशव्यांमध्ये घालून बंद केले आणि वर चिकटपट्टी लावली. ही पिशवी शेवटपर्यंत उघडायची नाही, वास घ्यायचा नाही, दम्याचं मूल असेल तर त्याला लांबूनच दाखवायचं, आणि शेवटी पिशवी आहे तशी कचऱ्यात. याबाबत कृपा करून हयगय करू नका.

ओल्या तुकड्यावर तिसऱ्या दिवशी पांढरं कापूस दिसलं, मग हिरवं-काळं. ताज्यावर पाचव्या दिवशी. वाळलेला तुकडा बाराव्या दिवशीही होता तसाच. मी विचारलं, वाळलेल्या तुकड्यावर बीजाणू पडले नव्हते का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, "पडले असतील मॅडम, पण वापसा नव्हता ना."

शेतकऱ्याच्या पोरीला वापसा शिकवावा लागत नाही. बी कोरड्यात पडलं तर तसंच राहतं, हे तिने घरी पाहिलेलं. मी इतकी वर्षं 'आर्द्रता', 'अनुकूल परिस्थिती' असे शब्द फळ्यावर लिहीत होते.

तिसरा भाग डस्टरचा. आमच्या वर्गात पत्र्याच्या भोकातून सकाळी कवडसा येतो. त्यात कोरडं डस्टर झटकलं की धूळ नाचताना दिसते. तेच डस्टर ओलसर करून झटकलं तर धूळ जवळजवळ नाहीच. तेच मैदानात नेऊन झटकलं तर क्षणात पांगते. किती, किती जवळ आणि किती कोंडलेल्या जागी, हे तीन प्रश्न मुलांनी स्वतः काढले. मग शरीराचं सांगितलं: नाकातले केस, चिकट पदार्थ, तो बाहेर ढकलणाऱ्या बारीक झालरी, आणि त्यातूनही आत गेलेल्याला खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी. एका मुलाने विचारलं की पाखऱ्यामुळे आपल्याला होईल का. नाही. हा रोग कुत्र्याकडून माणसाला लागत नाही. कुजक्या कडब्याची धूळ मात्र माणसाच्या छातीलाही वाईटच, म्हणून ती टाळायची ती सगळ्यांनीच.

हा पाठ झाल्यावर घरी काय करायचं हे आपोआप ठरलं. सगळी गंज पेटवली नाही. आप्पांनी तोंडाला ओला पंचा बांधून खालच्या काळ्या पेंढ्या आधी पाणी मारून भिजवल्या आणि लांबच्या उकिरड्यावर नेल्या. तेवढा वेळ पाखऱ्या घरात कोंडला. उरलेली गंज दगडी ओट्यावर रचली, खालून हवा खेळेल अशी, वर नवी ताडपत्री. उकिरड्याभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. पाखऱ्याची पोती दर रविवारी उन्हात. साखळी काढली. शेतातली माती आम्ही त्याच्या नाकापासून दूर ठेवू शकत नाही, आणि डॉक्टरांनीही ते सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा नीट कळली, आणि असं आजारी जनावर ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी ती लिहून ठेवते. नाकातल्या गेलेल्या गुंडाळ्या परत उगवत नाहीत. म्हणून बुरशी पूर्ण गेली तरी नाक थोडंफार वाहत राहू शकतं, कदाचित कायमच. मी प्रत्येक थेंबाला 'पुन्हा झालं' समजत होते. फोनवर डॉक्टरांनी सरळ नियम दिला. पाण्यासारखं असेल तर नुसतं लिहून ठेवा. घट्ट, पिवळं-हिरवं दोन-तीन दिवस टिकलं, रक्त आलं, जेवण सुटलं किंवा तोंड दुखायला लागलं, तर आणा. (औषधाचं प्रमाण मी इथे मुद्दाम लिहीत नाही, ते डॉक्टरांचं काम.)

हा नियम मी मुलाच्या ताब्यात दिला. जुन्या वहीत त्याने रकाने आखले: तारीख, कोणती नाकपुडी, रंग, रक्त, जेवला का. दिवसातून एकदा, संध्याकाळी, तोच बघणार. माझा रुमाल बंद. पहिले चार दिवस तो हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून नाक बघायचा. पाचव्या दिवशी पिशवी नव्हती. मी काही बोलले नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी तो ओरडत आला, "रक्त!" माझ्या पायातलं बळच गेलं. आप्पा गाडी काढायला उठले. मुलगा मात्र थांबला, बॅटरी आणली, पाखऱ्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि बराच वेळ बघत बसला. मग त्याने चिमटीत धरून काहीतरी बाहेर काढलं आणि वही मागितली. ती नोंद अशी आहे: "उजवी नाकपुडी. रक्त 1 थेंब. आतून नाही, बाहेरून. बाभळीचा काटा. जेवला, दीड भाकरी."

सप्टेंबरपर्यंत रोज नोंद आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला त्या आठवड्यात दोनदोन नोंदी आहेत, दोन्हीकडे "पाणी" एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत फक्त तीन. त्यानंतरचं पान कोरं आहे, कारण वहीच सापडत नव्हती; परवा ती गोठ्यात, कडब्याच्या पेंढीखाली सापडली. तिथे बसून तो अभ्यास करतो, पाखऱ्या शेजारी.