इंजिनाच्या ब्लॉकमधली छोटी बुचे कशासाठी?

प्रश्न : माझा ट्रक भिवंडीच्या गोदामांतून माल भरून नाशिक महामार्गाने जातो. इंजिन पूर्ण खोलायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रींनी ब्लॉकला असलेली छोटी गोल बुचे काढून नवी घालायला सांगितली. शर्यतीच्या इंजिनांत याच जागी आटे पाडून स्क्रूची बुचे बसवतात, असेही ते म्हणाले. कंपनीच्या बुचांत काय कमी असते? मीही आटे पाडून घ्यावेत का?
— एक वाचक, काल्हेर (भिवंडी)

उत्तर : तुमच्या मिस्त्रींचे म्हणणे रास्त आहे. मात्र बुचे बदलणे आणि आटे पाडणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले प्रत्येक इंजिनाला हवे, दुसरे क्वचितच.

आधी ही बुचे आली कुठून ते पाहू. चेंबरमधले ऑइल पंप उचलतो, ते फिल्टरमधून ब्लॉकच्या मुख्य गॅलरीत येते. तिथून मेन बेअरिंगना, क्रँकमधल्या भोकांतून बिगएंडला आणि वर रॉकरपर्यंत पोहोचते. ओतीव ब्लॉकमध्ये हे मार्ग बहुधा लांब ड्रिल मारून काढतात. ड्रिल सरळच जाते आणि बाहेरूनच आत शिरते. त्यामुळे प्रत्येक मार्गाचे एक तोंड ब्लॉकच्या बाहेर उघडे राहते. ते बंद करण्यासाठी कारखान्यात पोलादी गोळी किंवा वाटीसारखे बूच दाबून बसवतात, काही ठिकाणी आट्यांचे बूचही असते. पाण्याच्या जॅकेटवरची मोठी बुचे, ज्यांना गॅरेजात डमी म्हणतात, ती वेगळी.

बुचे काढायची ती सफाईसाठी. इंजिन बोअर आणि होन केले की लोखंडाचा कीस आणि दगडाची बारीक पूड सगळीकडे उडते, गॅलरीतही जाते. बंद गॅलरीच्या टोकाला, बुचामागच्या कोपऱ्यात, ती जुन्या ऑइलच्या चिकट थरात रुतून बसते. नुसती हवा मारून निघत नाही. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट साधारण केसाच्या जाडीएवढी असते. इंजिन चालू होताच पहिल्या ऑइलबरोबर ही पूड थेट त्या फटीत जाते, कारण गॅलरी फिल्टरच्या पुढे आहे. तिथे तिला अडवायला काहीच नसते. नवी बेअरिंग पहिल्याच फेरीत ओरखडतात ती अशी.

म्हणून बुचे काढून दोन्ही टोके मोकळी करायची. गरम साबणाच्या पाण्यात लांब नायलॉनचा ब्रश आरपार फिरवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे, हवा मारून सुकवायचे आणि गंज चढण्यापूर्वी लगेच ऑइलचा हात फिरवायचा. भिवंडी यंत्रमागांचे गाव, सुती वेस्ट इथे हाताशीच असते. ती गॅलरीत मात्र घालू नका, तिचा धागा आत अडकला तर तोही ऑइल अडवतो.

आता शर्यतीचे इंजिन. तिथे दर हजार फेऱ्यांना 10 पीएसआय दाब हवा, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे 7000 फेऱ्यांना 70 पीएसआय, सुमारे 5 किलो दर चौरस सेंटिमीटर. 12 मिलिमीटरच्या बुचावर त्यामुळे साडेपाच किलोच्या आसपास जोर येतो. थंड, घट्ट ऑइलवर इंजिन सुरू केले की दाब क्षणभर आणखी चढतो. दाबून बसवलेले बूच केवळ घर्षणावर टिकते. ते टायमिंग कव्हरच्या आत निसटले, तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण दाब पडतो आणि बेअरिंग जातात. आट्यांचे बूच असे निसटत नाही. शिवाय शर्यतीचे इंजिन पुन्हा पुन्हा खोलून धुवावे लागते, तेव्हा ते सहज उघडते. हा फायदा मोठा.

जोखीमही आहे. निमुळत्या आट्यांचे बूच पाचरीसारखे ताणते. जास्त आवळले तर ओतीव लोखंडाला तडा जातो, ॲल्युमिनियमचा ब्लॉक तर आणखी नाजूक. बूच फार आत गेले तर आडवी येणारी गॅलरीच बंद होते. म्हणून बसवण्याआधी तार घालून खोली मोजावी आणि बसवल्यावर आडवे भोक मोकळे आहे का ते टॉर्चने पाहावे. आटे पाडताना कीस पडतो, त्यामुळे हे काम अखेरच्या धुण्याआधीच उरकावे. आट्यांना द्रव सीलंट लावावा. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून ऑइलबरोबर फिरतात.

एखादे बूच विसरणे तर सर्वांत महाग. 1955 साली आलेल्या शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-8 ब्लॉकमध्ये मागच्या मेन कॅपखाली असे एक बूच असते. ते राहिले तर ऑइल फिल्टरमध्ये न जाता थेट पुढे जाते. गेजवरचा दाब ठीक दिसतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

शर्यतवाले वरच्या भागाकडे जाणारा एखादा मार्ग मुद्दाम अरुंदही करतात. मालाच्या ट्रकात तसे कधीही करू नये, रॉकर कोरडे पडतील.

तेव्हा तुमच्या ट्रकसाठी उत्तर असे : गॅलरीची बुचे काढून ब्लॉक धुऊन घ्या आणि योग्य मापाची नवी बुचे बसवा. भोक ओरखडले किंवा लंबगोल झाले असेल आणि भोवती जाड धातू असेल, तरच आटे पाडा. काढलेली बुचे डब्यात ठेवा, बसवताना तेवढीच मोजून घ्या. डिझेल बंद ठेवून गेजवर दाब येईपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवा, मगच चालू करा. नवी बुचे अगदी स्वस्त असतात, क्रँक आणि बेअरिंग नाही. बिलात या कामाची वेगळी ओळ आहे का, ते विचाराच.