परदेशी उपकरण आणि आपली वीज

मुलांनो, अमेरिकेतून मामा सोलापूरला भवानी पेठेतील घरी आले आणि येताना पाव भाजण्याचा टोस्टर घेऊन आले, असे समजा. तो येथील विजेला तसाच जोडावा काय? मुळीच नाही. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. अमेरिकेत तो १२०, तर जपानात अवघा १००. दाब दुप्पट झाला की तापणाऱ्या तारेतील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यामुळे तेथे ८०० वॅट घेणारा टोस्टर येथे सुमारे २९०० वॅट ओढू लागेल. तार जळेल, प्रसंगी आगही लागेल.

पिनांचा आकार जुळविणारा जोड बाजारात मिळतो. दाब कमी करणे त्याच्या हाती नाही. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. ते काम रोहित्राचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे. त्यात लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. दुसऱ्यात वेढे निम्मे असले, की दाबही निम्मा होतो. रोहित्राची वॅटशक्ती मात्र उपकरणाहून अधिक हवी. शेंगाची चटणी वाटणाऱ्या मिक्सरची मोटार सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. तिच्यासाठी ते आणखी मोठे घ्यावे. उपकरणाच्या बुडाशी ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर रोहित्र लागतच नाही. म्हणून ती पट्टी आधी वाचावी व जोडणी वडील माणसांकडूनच करवून घ्यावी.

एक गोष्ट रोहित्रालाही साधत नाही. अमेरिकेतील वीज सेकंदास ६० आवर्तने करते, आपली ५०. या आवर्तनांवरून वेळ मोजणारे घड्याळ तिकडच्या विजेच्या भट्टीत बसविलेले असेल, तर ते येथे दर तासाला दहा मिनिटे मागे पडते!