एन्लार्जर आडवाच बांधा

४ बाय ५ किंवा ८ बाय १० इंची निगेटिव्हसाठी घरी एन्लार्जर बांधायला निघालेला माणूस बहुधा आधी लेन्स शोधतो, मग दिव्याच्या मागे लागतो आणि सांगाड्याचं काम सुतारावर सोपवतो. पैसेही त्याच क्रमाने संपतात. मी सांगेन, हा क्रम उलटा करा. १५० मिलिमीटरची साधारण बरी एन्लार्जिंग लेन्स जुन्या बाजारात मिळते आणि दिवा नंतर कधीही बदलता येतो. निगेटिव्ह आणि लेन्स यांना एकमेकांसमोर सरळ धरून ठेवणारा सांगाडा मात्र एकदा चुकला की त्याच्यावर लावलेली महागडी लेन्ससुद्धा एका कडेला धूसर प्रिंट देते. मोठ्या निगेटिव्हसाठी हा सांगाडा उभा नको, आडवाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशोब पाहू. ४ बाय ५ च्या निगेटिव्हवरून १६ बाय २० इंची प्रिंट म्हणजे चौपट वाढ. १५० मिलिमीटरच्या लेन्सला त्यासाठी निगेटिव्हपासून सुमारे १८८ आणि कागदापासून ७५० मिलिमीटर अंतर लागतं. चांगल्या प्रकाशात हातभर अंतरावरून पाहताना कागदावरचा ०.२ मिलिमीटरपर्यंतचा धूसरपणा डोळा चालवून घेतो असं धरलं, तर एफ ११ वर कागद पुढेमागे सुमारे ११ मिलिमीटर सरकला तरी प्रिंट तीक्ष्ण दिसते. म्हणजे भिंत किंवा पाट थोडा ओळंब्याबाहेर असला तरी बिघडत नाही. निगेटिव्हच्या बाजूला परिस्थिती अगदी वेगळी असते. तिकडच्या चुकीचा कागदावर वाढीच्या वर्गाइतका परिणाम होतो, म्हणजे चौपट वाढीत १ मिलिमीटरचे १६ मिलिमीटर होतात. त्यामुळे ११ मिलिमीटरची ती सवलत निगेटिव्हपाशी जेमतेम ०.७ मिलिमीटर उरते. फिल्मची जाडीच मुळात ०.१८ मिलिमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की ही सवलत किती तुटपुंजी आहे ते कळतं. निगेटिव्ह धरणारा कॅरिअर जरा तिरपा बसला आणि दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह मध्ये फुगली, की दोन्ही चुका मिळून ती संपवून टाकतात.

उभ्या एन्लार्जरचा दोष इथेच आहे. त्याचं डोकं, म्हणजे दिव्याचा डबा, कॅरिअर, बेलोज आणि लेन्स, एका खांबाला एका बाजूने लटकलेलं असतं. ३५ मिलिमीटरच्या एन्लार्जरचं डोकं हलकं असल्याने खांबाला जड जात नाही. ४ बाय ५ चा डबा जड होतो, ८ बाय १० चा तर विचारायलाच नको. हे ओझं खांबाला वाकवतं, आणि प्रत्येक उंचीला थोडं वेगळं वाकवतं. म्हणजे एका आकाराच्या प्रिंटसाठी जुळवलेलं समांतरपण दुसऱ्या आकाराला टिकत नाही. कारखान्यांनी यावर जाड ओतीव धातूने मात केली. प्लायवुड आणि पाइप हाताशी असलेल्याला ती वाट परवडत नाही. शिवाय ३०० मिलिमीटरची लेन्स लावून ८ बाय १० ची चौपट प्रिंट करायची तर निगेटिव्हपासून कागदापर्यंतच १८७ सेंटिमीटर होतात. त्यावर दिव्याचा डबा आणि खाली टेबल धरलं, तर फ्लॅटच्या छताखाली ते मावत नाही. रुळांवर आडवं ठेवलेलं यंत्र मात्र आपलं वजन सरळ खाली टेबलावर टाकतं आणि पुढेमागे सरकवलं तरी वाकत नाही.

आडवी मांडणी ही गरिबाची तडजोडही नव्हे. बाल्टिमोरच्या डी. ए. वुडवर्डने १८५७ मध्ये ज्या सोलर कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं, तोही आडवाच होता. बाहेरून ऊन आत घ्यायचं आणि समोरच्या पडद्यावर किंवा कॅनव्हासवर मोठी प्रतिमा पाडायची. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या कार्मेलच्या डार्करूममध्ये ८ बाय १० साठी रुळांवर सरकणारा आडवा एन्लार्जर होता आणि कागद समोर उभा लावलेला असे. प्रेस कॅमेरे बनवणाऱ्या ग्राफ्लेक्सने ग्राफ्लार्जर नावाचा दिव्याचा डबा विकला. तो कॅमेऱ्याच्या पाठीला लावला की कॅमेऱ्याचाच एन्लार्जर होई. बांधणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी: जुना व्ह्यू कॅमेरा मिळत असेल तर पुढचा अर्धा भाग नव्याने बनवू नका. समांतर चौकटी, बेलोज, बारीक सरकवण्याची दांडी, सगळं त्यात तयार असतं. आपल्याला करायचा असतो तो कॅरिअर, दिवा आणि खालचा पाट. पाटासाठी साधं प्लाय घेऊ नका. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात ते पीळ खातं. मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या.

जुळवणी गुण्या आणि पाणसळ लावून सुरू होते, पण तिथे संपत नाही. आरशाचा एक तुकडा निगेटिव्हच्या जागी बसवा. दुसऱ्या आरशामागचा लेप मध्यभागी पैशाएवढा खरवडून लेन्स काढून तो लेन्सबोर्डवर सपाट टेकवा आणि त्या भोकातून आत पाहा. दोन्ही पृष्ठभाग समांतर असतील तर भोकाची प्रतिबिंबं एकात एक, एकाच मध्याभोवती दिसतात. किंचित फरक असला तरी रांग एका बाजूला वळत जाते. ती सरळ होईपर्यंत कॅरिअरखाली कागदाच्या पट्ट्या सारा. मग उजेड लागून काळी झालेली एक फिल्म घ्या, तिच्यावर सुईने चारही कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक रेघा ओढा आणि कागदावर त्या पाचही ठिकाणी भिंगाने तपासा. निगेटिव्ह दोन काचांमध्ये धरा. फिल्मच्या चकचकीत बाजूला साधी काच टेकली की न्यूटनची रंगीत वलयं उमटतात आणि दमट हवेत अधिकच. त्या बाजूला फ्रेमवाल्याकडची खरबरीत, चमक नसलेली काच वापरा, इमल्शनच्या बाजूला साधी.

यावर पहिला आक्षेप येतो तो ॲपर्चरचा: एवढी मेहनत कशाला, लेन्स एफ ३२ ला बंद केली की सगळं तीक्ष्ण होईल. तसं होत नाही. चौपट वाढीत एफ ३२ कागदापाशी एफ १६० सारखा वागतो, आणि प्रकाशाच्या विवर्तनाचाच ठिपका ०.२ मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे कोपरे सुधारण्याच्या नादात मधला भागही बिघडतो आणि एक्स्पोजर एफ ११ च्या आठपट होतं. दुसरा आक्षेप जागेचा. तो खरा आहे. त्याला उत्तर एवढंच की आडव्या यंत्राचे रूळ उचलून कपाटामागे ठेवता येतात, उभा खांब मात्र कायमचा जागा अडवतो. उभ्या भिंतीवर कागद कसा धरायचा, असंही विचारतात. भिंतीवर लोखंडी पत्रा ठोका आणि चुंबकाच्या पट्ट्यांनी कागद धरा, काम भागतं. एक आक्षेप मात्र मी खोडणार नाही: मुळात एन्लार्जर हवाच कशाला? छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने ८ बाय १० च्या निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून कॉन्टॅक्ट प्रिंटच केल्या. तेवढा आकार तुम्हाला पुरत असेल तर यातलं काहीच बांधू नका.

दिव्याबद्दल थोडक्यात. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला पुरतील अशी कंडेन्सरची भिंगं जड आणि महाग पडतात. दुधी ॲक्रिलिकमागे एलईडी पट्ट्या लावणं बरं. अशा पसरट उजेडात कॉन्ट्रास्ट वाढवणारा कॅलिअर परिणाम नसतो, म्हणून कंडेन्सरच्या मानाने प्रिंट साधारण एका ग्रेडने मऊ येते, तेवढं धरून चाला. १५० च्या लेन्सने चौपट वाढ करताना कोपऱ्यांत मध्यापेक्षा सुमारे चतुर्थांश उजेड कमी पडतो, म्हणून दिव्याचं क्षेत्र निगेटिव्हपेक्षा मोठं ठेवा आणि कडेच्या पट्ट्या दाट लावा. टायमर अडॅप्टरच्या आधी जोडू नका. अडॅप्टरच्या आत साठणाऱ्या विजेमुळे दिवा उशिरा पेटतो आणि रेंगाळत विझतो. अडॅप्टर आणि एलईडी यांच्यामध्ये जोडा. घरात बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मिणमिणताना आपण पाहतो. तसा मिणमिणता दिवा डार्करूममध्ये कागद धूसर करतो. खात्रीसाठी कॅरिअर रिकामा ठेवून, दिवा बंद करून, पूर्ण अंधारात कागदावर नाणं ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि कागद डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर वायरिंग आधी दुरुस्त करा, प्रिंट नंतर.